तीन दिवसांची मुदत

मुलगी परदेशी नोकरीला गेली म्हणजे ती गेलीच, असे चारचौघांत आपण म्हणतो खरे. पण जोवर ती भाड्याच्या घरात राहते आहे, तोवर आईबापांच्या मनाचा एक कोपरा ते मान्य करीत नाही. भाडेकरू आज ना उद्या बिछाना गुंडाळतो, हा आपला जुना अनुभव. म्हणून आमच्या धाकट्या लेकीने २०२५ च्या वसंतात दूरध्वनीवरून, "पपा, आम्ही घर घ्यायचं म्हणतोय," असे सांगितले, तेव्हा मी अभिनंदन केले आणि रिसीव्हर पत्नीच्या हाती देऊन मुकाट्याने वाडीत गेलो. त्या घरासाठी बँक देणार असलेले कर्ज तीस वर्षांचे होते. शेवटचा हप्ता २०५५ साली. लेक तेव्हा त्रेसष्ट वर्षांची असेल. माझ्या वयाचा हिशेब मी केळीच्या बुंध्याशी उभा राहून केला आणि तिथेच सोडून दिला.

लेक आणि जावई दोघेही नेदरलँड्समधील उट्रेख्त शहरात नोकरी करतात. जून महिन्यात आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा त्यांची घराची शोधाशोध ऐन भरात होती. शहरातल्या किमती आवाक्याबाहेरच्या. म्हणून त्यांनी हौटन हे गाव मनाशी धरले होते. उट्रेख्तच्या मुख्य स्थानकातून टीलकडे जाणाऱ्या गाडीत बसले की दहा मिनिटांच्या आत हौटन येते. मी बत्तीस वर्षे वसई ते चर्चगेट असा प्रवास केला आहे. 'स्टेशनपासून जवळ' या शब्दांचा अर्थ कुणी मला शिकवावा अशी माझी स्थिती नाही. तरीही या गावाने मला चकित केले.

वाचकहो, या गावाची रचना थोडी समजावून सांगितली पाहिजे, कारण तिथे घर घेणे म्हणजे ती रचनाही विकत घेणे. १९७० च्या दशकापूर्वी हौटन हे काही हजार वस्तीचे, सफरचंदांच्या आणि नासपतींच्या बागांनी वेढलेले खेडे होते. उट्रेख्तची वाढती वस्ती सामावून घेण्यासाठी सरकारने ते वाढवायचे ठरवले. आज तिथे पन्नास हजारांच्या आसपास माणसे राहतात. परंतु वाढवण्यापूर्वी गावाने एक गोष्ट ठरवून टाकली. गावाभोवती एक वळसा-रस्ता आखला आणि मोटारींना सांगितले, तुम्ही इकडून जा. एका पेठेतून शेजारच्या पेठेत मोटारीने जायचे तर आधी बाहेर त्या रस्त्यावर जावे लागते आणि वळसा घालून पुन्हा आत यावे लागते. सायकल मात्र सरळ मधून जाते. सायकलींचे मुख्य मार्ग हिरवळीतून, तळ्याकाठाने थेट स्थानकाशी येऊन मिळतात, आणि तिथे रुळांखाली सुमारे तीन हजार सायकली ठेवण्याची सोय आहे. काही रस्त्यांवर फलक आहे, त्याचा अर्थ जावयाने सांगितला: 'मोटार इथे पाहुणी आहे.' पाहुण्याने कसे वागावे हे तिथल्या मोटारींना ठाऊक आहे असे दिसले. सायकलवरच्या एका आजीबाईंच्या मागे एक भली मोठी गाडी बराच वेळ निमूटपणे चालली होती, भोंगा न वाजवता.

तिथली शांतता पाहून प्रथम वाटते, हे आडगाव आहे म्हणून शांत आहे. तसे मुळीच नाही. ती शांतता नकाशावर आखून, पैसे खर्चून आणि मोटारवाल्यांची गैरसोय पत्करून निर्माण केलेली आहे. मुख्य म्हणजे ती घरे बांधण्याच्या आधी निर्माण केली. या 'आधी'पाशी वसईकराचे मन अडखळते. आमच्याकडेही त्याच सुमारास हेच घडत होते. १९९० साली वसई-विरारचे नियोजन सिडकोकडे सोपवले गेले, आणि वाड्या वाचवण्यासाठी हरित वसईची चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ साली आपल्यातून गेले; त्या चळवळीच्या सभांना मीही जात असे. आम्हीही मुंबईला माणसे पुरवणारे गाव झालो. पण आमच्याकडे आधी इमारती आल्या, मग रस्ते, मग टँकर. इतके म्हणून पुढे जातो, कारण हा विषय काढला की माझी लेखणी भरकटते.

घर घेण्याची तिथली रीत मात्र मला अजिबात आवडली नाही. विकणाऱ्याचा दलाल एक किंमत जाहीर करतो, ती केवळ बोलणी सुरू करण्यापुरती. घर पाहायला जेमतेम अर्धा तास मिळतो. तुम्ही जिन्यावरून उतरता तोच पुढचे जोडपे दारात उभे असते. मग ठरलेल्या दिवशी प्रत्येकाने आपला आकडा लिहून कळवायचा. दुसऱ्याचा आकडा कुणालाच ठाऊक नाही, आणि सर्वांत मोठा आकडा घेतलाच पाहिजे असे विकणाऱ्यावर बंधनही नाही. अंधारात दगड मारल्यासारखा हा प्रकार. त्यातून बँक मूल्यमापकाने ठरवलेल्या किमतीपेक्षा अधिक कर्ज देत नाही. म्हणजे चढाओढीत वर चढवलेली रक्कम, नोटरीचे शुल्क, दलाली, कर, हे सारे पदरचे. करात एक गंमत आहे. पस्तिशीच्या आतल्या खरेदीदाराला पहिल्या घरावरचा दोन टक्के हस्तांतरण कर माफ होतो, घराची किंमत ठराविक मर्यादेत असेल तर. २०२५ साली ती मर्यादा सव्वापाच लाख युरो होती. लेक तेहतीस वर्षांची, जावई छत्तीसचा. तेव्हा त्याच घराचा तिचा अर्धा भाग करमुक्त आणि त्याच्या अर्ध्या भागावर कर! पत्नी म्हणाली, "जावईबापू, तुम्ही जरा उशिरा जन्मायचं होतं."

पहिले घर हातचे गेले. दुसरेही गेले, आणि ते थोडक्यात गेले असे नंतर दलालाच्या बोलण्यावरून समजले. त्या रात्री कुणी नीट जेवले नाही. जी रक्कम कमी पडली असावी, तिच्या अनेक पट माझ्या नावावर वसईत पडून होती. अकरा गुंठ्यांची वाडी. विहीर, नारळाची नऊ झाडे आणि केळी. वडिलांच्या वेळी तिथे पानवेली होत्या. एक दलाल गेली चार वर्षे दर सणाला मला शुभेच्छा देतो, त्या शुभेच्छांचा अर्थ आम्हा दोघांनाही कळतो. मी लेकीला म्हणालो, "वाडी काढून टाकतो. तिथं आता करणार तरी कोण आहे?"

जावई गप्प राहिला. त्याला ते पटले होते, आणि त्यात गैर काही नव्हते. पोटमाळ्याएवढ्या जागेसाठी दोन वर्षे वणवण केलेला माणूस तो. लेक मात्र म्हणाली, "पपा, वाडीचे पैसे इथं एका घराच्या चढाओढीत संपतील. मग मी सुट्टीत यायचं ते कुठं? बिल्डरच्या गेटवर?" मी म्हणालो, सुट्टीत तू पंधरा दिवस येतेस. ती म्हणाली, "त्या पंधरा दिवसांसाठीच." वाद तिथेच थांबला, मिटला असे म्हणवत नाही.

तिसरे घर १९८० च्या दशकातले, एका रांगेतल्या सहा घरांपैकी चौथे. दर्शनी बाजूला अंगणाचा तुकडा, मागे सायकलींची लाकडी खोपट, बाग उत्तरेकडे तोंड करून, म्हणून तिला मागणी कमी. स्वयंपाकघर जुनाट. त्यांनी स्वतःच्या शिलकीत बसेल तेवढाच आकडा लिहिला, आणि ते घर त्यांना मिळाले.

इथे त्या देशाच्या कायद्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटली. खरेदीच्या करारावर दोन्ही पक्षांच्या सह्या होऊन त्याची प्रत हाती पडली की दुसऱ्या दिवसापासून खरेदीदाराला किमान तीन दिवसांची मुदत मिळते. त्या मुदतीत त्याने कारण न सांगता माघार घेतली तरी चालते. एक पैसा दंड नाही. त्या तीन दिवसांतले किमान दोन दिवस कामकाजाचे असावे लागतात, म्हणजे शनिवार-रविवारात मुदत गुंडाळून टाकण्याची चलाखी कुणाला करता येत नाही. मुदत टळल्यावर मात्र, करारात राखून ठेवलेल्या अटींवाचून, मागे फिरणाऱ्याला साधारणतः किमतीच्या दहा टक्के भरपाई द्यावी लागते. माघारीची ही मोकळीक केवळ घेणाऱ्याला आहे, विकणाऱ्याला नाही.

कराराची प्रत सोमवारी मिळाली. मंगळवारी घराची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाचा अहवाल आला: न्हाणीघराचे नळ जुने, खोपटाचे छप्पर पाच वर्षांत बदलावे लागेल, पाया उत्तम. बुधवारी लेकीने कागदावर रेघ ओढून दोन बाजूंना कारणे लिहिली. जावयाने तीच कारणे संगणकावर लिहिली. मी मनात एकच कारण लिहिले होते आणि ते कुणाला दाखवण्यासारखे नव्हते. मुदत संपेपर्यंत ती नको म्हणेल, हे दोघे आणखी दोन वर्षे भाड्याने राहतील, आणि मग कदाचित... बापाचे मन किती स्वार्थी असू शकते, हे या वयातही नव्याने कळते.

गुरुवारी सकाळी पत्नी घरात नव्हती. मोडक्यातोडक्या इंग्रजीवर ती एकटीच गाडीत बसून हौटनला गेली होती. त्या घराच्या कोपऱ्यावरच्या बाकावर तिने दीड तास काढला. दुपारी परतल्यावर तिने चहा ठेवला आणि मग बोलली. सात-आठ वर्षांची मुले दप्तरे लटकावून आपापल्या सायकलींवर शाळेला जाताना तिने पाहिली होती. मागे आई नाही, बाप नाही, रिक्षा नाही. शेजारच्या घरातून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले, त्यांनी हिला नमस्कारासारखे काहीतरी केले आणि झाडांना पाणी घालू लागले. गावात कॅथलिक चर्च आहे, तेही ती चालत जाऊन पाहून आली होती. दार बंद होते, पण फलकावर रविवारच्या मिस्साची वेळ होती, ती तिने हाताच्या तळव्यावर लिहून आणली होती. "घ्या," ती म्हणाली. "इथं पोर एकटं शाळेत जाऊ शकतं." लेकीला दिवस गेले होते, हे आईला तिने सांगितले होते, मला त्या क्षणी समजले.

मध्यरात्री मुदत संपली. आम्ही सगळे जागेच होतो, पण कुणी घड्याळाकडे पाहिले नाही.

नोटरीकडचा सोहळा सप्टेंबरात झाला. तोवर आम्ही परतलो होतो, म्हणून तो मी ऐकीव लिहितो. सकाळी रिकाम्या घरात शेवटची फेरी मारून वीज, गॅस आणि पाणी यांच्या मीटरांचे आकडे टिपले. जावयाला डच भाषा बेताची येत असल्याने दुभाषी बसवावा लागला. रक्कम विकणाऱ्याच्या हाती जात नाही, ती नोटरीच्या खात्यातून फिरते. पांढरे किती आणि काळे किती, हा आपला प्रश्न तिथे उद्भवतच नाही. सही झाली, किल्ल्या मिळाल्या, आणि १८३२ पासून चालत आलेल्या तिथल्या जमीन-नोंदवहीत आमच्या वाडीतल्या पोरीचे नाव लागले. पाठवलेल्या छायाचित्रात रिकाम्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून दोघे पाव खात होते. बाळ जानेवारीत झाले. घराला आशीर्वाद द्यायचा आहे, तुम्ही आल्यावरच देऊ, असे त्यांचे म्हणणे आहे.

आम्ही पुढच्या उन्हाळ्याची तिकिटे पाहतो आहोत. पत्नी लोणच्याच्या बरणीचे वजन करते. दलालाचा नाताळाला नेहमीप्रमाणे दूरध्वनी आला होता. त्याला सध्या थांबायला सांगितले आहे.