आनंद झाला

आमची अक्का १९७४ साली टोरांटोला गेली, ती तिथून मला नेमाने पत्रे लिहीत आली. निळ्या विमानपत्रावर मुंग्यांच्या रांगेसारखे तिचे अक्षर. जागा संपली की समासात शिरायचे. २००५ साली ती संगणकावर मराठी टाइप करायला शिकली आणि तिचे पहिले ईमेल आले.

उघडून पाहतो तो काय! डोक्यावर तिरपी टिकली दिलेला रोमन ए, शेजारी चारी कोपऱ्यांना शिंगे फुटलेले वर्तुळ, मधूनच जपानी येनची खूण. पानभर हाच संसार. मुलाला विचारावे तर तो हसणार! मी आपले रोमन लिपीत उत्तर ठोकून दिले : पत्र पोचले. वाचून फार आनंद झाला.

पंधरा दिवस अक्काचे अक्षर नाही. शेवटी मुलाला शरण गेलो.

"बाबा, हा टिकलीवाला ए दर तिसऱ्या जागी येतोय. म्हणजे ही मराठीच!"

त्याने समजावले ते असे. ईमेलचे १९८२ चे नियम फक्त १२८ संकेतांपुरते होते. त्यांत रोमन अक्षरे मावत, आपली नव्हेत. १९९२ साली बोरेनस्टाइन आणि फ्रीड यांनी तोड काढली : मजकूर कोणत्या संकेतांत आहे, याची चिठ्ठी पत्रालाच डकवायची. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत आपले एकेक अक्षरचिन्ह तीन तुकड्यांनी पाठवतात आणि पहिला तुकडा नेहमी एकच. चिठ्ठी वाटेत गळाली, की अलीकडचा कारकून प्रत्येक तुकडा सुटे युरोपीय अक्षर समजून मांडतो. तोच आमचा टिकलीवाला! बिचाऱ्याने इमानेइतबारे मांडले होते, हेही खरे.

मुलाने यादीतला एक पर्याय बदलला. पडद्यावर मराठी उमटली.

"ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू हलत नाही. फोनवर रडू कोसळेल, म्हणून लिहिते आहे."

त्यावर मी कळवले होते, आनंद झाला.

तडक फोन लावला आणि सगळे सांगून टाकले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"पण मेल्या, एवढे टिकलीवाले पाहून तुला आनंद तरी कशाचा झाला रे?"

भावोजी पुढे काठी घेऊन चालू लागले. अक्काची ईमेल अजून येतात. पहिली ओळ ठरलेली : अक्षरे दिसत असतील तरच पुढे वाच. न दिसणाऱ्याने ही ओळ तरी कशी वाचायची, हे मी तिला अद्याप विचारलेले नाही.