फेडायचं कुठे?

फिलाडेल्फिया शहराच्या मधोमध लोगन सर्कल नावाचा चौक आहे. चौकात मोठं कारंजं आहे, अलेक्झांडर स्टर्लिंग कॉल्डर या शिल्पकाराच्या हातचं, १९२४ सालचं. कारंज्यात तीन धिप्पाड आकृती रेलून बसल्या आहेत. त्या आकृती म्हणजे डेलावेअर, स्कूलकिल आणि विसाहिकन, या शहराचे तीन जलप्रवाह. एका अंगाला सेंट पीटर आणि सेंट पॉल यांचं कॅथेड्रल, दुसऱ्या अंगाला शहराचं मुख्य वाचनालय. जून महिन्यात, शाळेच्या शेवटच्या दिवशी, जवळच्याच एकोणिसाव्या रस्त्यावरून मुलींचा लोंढा या कारंज्याकडे धावत यायचा आणि गणवेशासकट पाण्यात उड्या मारायचा. ये-जा करणारी माणसं थांबून बघत राहायची. ‘हॅलहनच्या पोरी’ एवढंच एकमेकांना सांगायची, आणि तेवढं पुरायचं.

जॉन डब्ल्यू. हॅलहन कॅथलिक गर्ल्स हायस्कूल. धर्मप्रांताने मुलींसाठी चालवलेलं हे अमेरिकेतलं पहिलं हायस्कूल. शंभरी ओलांडलेलं. रंग निळा-पांढरा, आणि बोधचिन्ह चक्क मिकी माउस! आयरिश, इटालियन, पोलिश कामगारांच्या मुली इथे शिकल्या, पुढे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो घरांतल्या मुली शिकल्या. शहराच्या चारी टोकांकडून आगगाडीने, बसने, ट्रॉलीने त्या यायच्या. २०२०च्या नोव्हेंबरात धर्मप्रांताने जाहीर केलं की हे वर्ष शेवटचं. वाइनकोट भागातलं बिशप मॅकडेव्हिट हायस्कूलही त्याच वेळी बंद होणार होतं. २०२१च्या जूनमध्ये दोन्ही शाळा संपल्या.

ती बातमी मला आमच्या शेजारच्या आजींकडून कळली. त्या हॅलहनच्याच जुन्या विद्यार्थिनी. इथे शेजारणीला कोणी आजी म्हणत नाही, पण मनात मी त्यांना तसंच म्हणत आले आहे. साथीचे दिवस होते. दोघींच्या अंगणांमधल्या कुंपणापाशी, मधे अंतर राखून, तोंडाला मास्क लावून आम्ही बोलायचो. नवरा गेला तेव्हा या बाईंना मी रडताना पाहिलं नव्हतं. चर्चमध्ये त्या ताठ बसल्या होत्या, आलेल्या प्रत्येकाची विचारपूस करत होत्या. त्या संध्याकाळी मात्र कुंपणाला हात टेकून त्या रडल्या. मागाहून मला कळत गेलं की शहरभर हेच चाललं होतं. साठ वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्या बायका थंडीत शाळेच्या दारापुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या. कोणी जुना स्वेटर घालून आली होती, कोणी बोटात शाळेची अंगठी घालून.

मी वसईची. आमच्या घरात सामवेदी बोली, चर्चमध्ये मराठी मिस्सा, आणि शाळा सिस्टरांची, तीही मराठीच. त्यामुळे सिस्टरांच्या शाळेत शिकलेली बाई जगात कुठेही भेटली तरी मला लगेच ओळखू येते. वही कशी धरते, पाकिटावर पत्ता किती नेटका लिहिते, रांगेत कशी उभी राहते, यावरून. आजींची आणि माझी मैत्री अशीच जमली. पण त्यांचं ते रडणं समजायला मला बराच काळ लागला. आठवणींसाठी माणूस हळवा होतो, डोळे भरून येतात, हे ठीक. हे त्याहून खोल काहीतरी होतं. त्यात संताप होता, आणि कुठेतरी लाजही होती.

ते समजून घ्यायचं तर या शहराचा जुना इतिहास लागतो. १८४४ साली इथे दंगली झाल्या. सरकारी शाळांत मुलांनी कोणतं बायबल वाचायचं, प्रॉटेस्टंटांचं की कॅथलिकांचं, हा वाद पेटला आणि आयरिश वस्तीवर जमाव चालून आला. सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टीन ही दोन चर्चेस जाळली गेली. माणसं मेली. तुमची मुलं या देशाची नव्हेत, असं ज्यांना तोंडावर सांगितलं गेलं, त्यांनी मग स्वतःच्या शाळा काढल्या. १८५२ साली जॉन न्यूमन इथे बिशप म्हणून आले आणि त्यांनी धर्मप्रांताच्या सगळ्या शाळा एका व्यवस्थेखाली आणल्या. पुढे ते संत घोषित झाले. १८८४ साली बाल्टिमोरच्या परिषदेत देशभरातल्या बिशपांनी ठरवलं की प्रत्येक चर्चपाशी शाळा हवीच. गोदीत ओझी वाहणाऱ्या आणि गिरणीत राबणाऱ्या माणसांच्या पैशांतून विटा आल्या.

विटा आल्या, पण शाळा उभ्या राहिल्या त्या सिस्टरांच्या जिवावर. हे मला ठासून सांगावंसं वाटतं, कारण निरोपाच्या भाषणांत ते चटकन उरकलं जातं. १९५०च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांमधले दहापैकी नऊ शिक्षक हे व्रतस्थ भगिनी, बंधू किंवा धर्मगुरू होते. भगिनींना पगार नव्हता, मिळायचा तो नाममात्र भत्ता, आणि तोही त्यांच्या संघाकडे जमा व्हायचा. साठ-साठ मुलांचा एकेक वर्ग त्यांनी सांभाळला. दिवसभर शिकवायचं, उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजात बसून स्वतःची पदवी थोडीथोडी पुरी करायची, आणि म्हातारपणी मठाच्या एका खोलीत मरून जायचं. १९६०च्या दशकात या शाळांत बावन्न लाखांच्या आसपास मुलं होती. ही अतिशय स्वस्त आणि अतिशय कष्टाळू शिक्षणव्यवस्था हजारो बायकांच्या न घेतलेल्या पगारावर चालली होती.

मग सिस्टर कमी होत गेल्या. १९६५च्या आसपास अमेरिकेत एक लाख ऐंशी हजार भगिनी होत्या, आज त्या पन्नास हजारांच्याही आत आहेत. कॅथलिक शाळांतल्या शिक्षकांत व्रतस्थ माणसं आता शंभरात चार-पाचही नाहीत. पगारी शिक्षक आले. त्यांनाही घर-संसार आहे, त्यांना पगार मिळायलाच हवा. म्हणून फी वाढली. एव्हाना कामगारांची मुलं शिकून उपनगरांत राहायला गेली होती. त्यांच्या जागी आलेल्या गरीब घरांना ती फी झेपेना. भरीला, मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षं पाठीशी घातल्याचं २००५ आणि २०११च्या चौकशी अहवालांतून बाहेर आलं आणि कित्येकांचा चर्चवरचा विश्वासच उडाला. २०२०-२१ साली देशभरच्या कॅथलिक शाळांत उरली होती सोळा लाखांच्या आसपास मुलं. याच शहरातलं कार्डिनल डॉहर्टी हायस्कूल एकेकाळी जगातलं सर्वांत मोठं कॅथलिक हायस्कूल मानलं जाई. १९६०च्या दशकात तिथे सहा हजारांच्या घरात मुलं होती. २०१० साली ते बंद झालं तेव्हा सहाशेच्या थोडी वर.

हे आकडे आजींना पाठ आहेत. जमाखर्च जुळत नव्हता हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, आयुष्यभर त्यांनी एका कारखान्याचे हिशेब लिहिले. त्या दिवशी कुंपणापाशी त्या जे बोलल्या ते वेगळंच होतं. त्या दहावीत असताना वडिलांचं काम गेलं. घरात पाच भावंडं. दर महिन्याला शाळेकडून पैशांची आठवण देणारी चिठ्ठी घरी यायची. एका महिन्यात ती आलीच नाही, पुढच्याही नाही. फी माफ झाली असं कोणी सांगितलं नाही, कुठे अर्ज करावा लागला नाही, कुणापुढे मान खाली घालावी लागली नाही. चिठ्ठी यायची थांबली, इतकंच. कुणी भरले पैसे, सिस्टरांनी की धर्मग्रामाच्या फादरांनी, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही. “कुणाला परत करू ते मला माहीतच नव्हतं,” त्या म्हणाल्या, “म्हणून मी शाळेला देत राहिले. आता शाळाच नाही.”

आपल्याकडे ऋषिऋण म्हणतात ते हेच असावं, असं मला तेव्हा वाटलं. ज्यांनी शिकवलं त्यांचं ऋण त्यांना परत करता येत नाही. ते घेत नाहीत, बहुतेकदा ते उरलेलेही नसतात. ते फेडायचं ते पुढच्यांना देऊन. आणि पुढचे तुम्हाला जिथे भेटतात ती जागा म्हणजे शाळा. माजी विद्यार्थ्यांच्या रडण्याला लोक स्मरणरंजन म्हणतात ते मला अपुरं वाटतं. बाकांसाठी, घंटेसाठी, फळ्यासाठी एवढं कोणी रडत नाही. आपण आयुष्यभर कुणाचे तरी देणेकरी आहोत हे ज्याला आतून ठाऊक असतं, आणि ते देणं उतरवण्याचं दारच एका सकाळी बंद झालेलं दिसतं, तो असा रडतो.

या रडण्यावर एक उत्तर ठरलेलं असतं. इतकी वर्षं कुठे होतात? तुमच्या लेकी तुम्ही कुठल्या शाळेत घातल्यात? प्रश्न कठोर आहे आणि खराही आहे. आजींच्या दोन्ही लेकी उपनगरातल्या सरकारी शाळेत शिकल्या, कारण घर तिकडे घेतलं होतं आणि ती शाळा उत्तम होती. ज्या शाळेने वर काढलं, तिच्यापासून दूर जाण्याची ऐपतही तिनेच दिली. या शाळांचं यशच त्यांच्या मुळावर आलं, आणि त्यासाठी त्या मुलींना दोषी धरणं मला जमत नाही. मुलगी शिकून त्याच अरुंद गल्लीत राहावी म्हणून काही सिस्टरांनी रक्त आटवलं नव्हतं.

शिवाय माजी विद्यार्थी उशिरा जागे होतात हे खरं असलं, तरी जागे झाले की काय करू शकतात हेही याच शहराने पाहिलं आहे. २०१२च्या जानेवारीत इथल्या धर्मप्रांतातली चार हायस्कूलं बंद करायची शिफारस झाली: वेस्ट कॅथलिक, सेंट ह्यूबर्ट्स, कॉनवेल-ईगन आणि बॉनर-प्रेंडरगास्ट. पुढचे काही आठवडे लोकांनी झोप घेतली नाही. शाळांच्या मैदानांवर सभा झाल्या, रस्त्यांवर डबे फिरले, मुलींनी चौकात उभं राहून पैसे मागितले, मोठे देणगीदार पुढे आले. फेब्रुवारीच्या अखेरीस आर्चबिशप शापू यांनी जाहीर केलं की चारही शाळा चालू राहतील. त्या चारही शाळांतून पुढे वर्षानुवर्षं नव्या मुलामुलींचे वर्ग बाहेर पडले. म्हणूनच हॅलहनच्या बायकांना आशा होती, आणि म्हणूनच त्यांचा संताप अधिक होता. साथीमुळे सभा भरवता येईना, घरोघर जाता येईना. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आधी सांगायचं होतं. निर्णय घेण्यापूर्वी विचारायचं होतं. मला ते पटतं. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या शाळा आपली मानली त्यांना शाळेचं आजारपण न कळवता थेट मृत्यूची बातमी देणं क्रूर आहे, मग हिशेबाच्या वह्या काहीही सांगोत.

हे लिहिताना माझं अर्धं मन वसईत आहे. आमच्या भागात चर्चच्या मराठी शाळांनी वाडीवरच्या, बागायतीत राबणाऱ्या घरांतली कितीतरी मुलं शिकवली. आमच्या सिस्टर कोण कुठल्या, दक्षिणेतल्या, किनाऱ्यावरच्या. मराठी शिकून त्या मराठीत शिकवायच्या. त्यांच्या तोंडची मराठी थोडी वेगळ्या चालीची असायची, पण शुद्धलेखनाची एक चूक त्या सोडायच्या नाहीत. आता पालकांना इंग्रजी हवं आहे. मराठी माध्यम एका दिवसात बंद होत नाही. आधी पहिलीची एक तुकडी कमी होते. मग एका जूनमध्ये पहिलीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं येतात. ती मुलं एकेक इयत्ता वर चढत जातात आणि त्यांच्यामागे वर्ग रिकामे होत जातात. तिथे वृत्तवाहिन्यांच्या गाड्या येत नाहीत, दारापुढे कोणी जमत नाही. आम्ही माजी विद्यार्थी नाताळात गावी गेलो की भेटतो. कोणी आखातातून आलेलं, कोणी कॅनडातून, कोणी वसई रोडहून रोज चर्चगेटची गाडी पकडणारं. बाईंच्या नकला होतात, कुणाला किती छड्या बसल्या त्याची उजळणी होते. मागच्या खेपेला मात्र बागायती करणारा माझा एक वर्गबंधू मधेच म्हणाला, “नुसत्या आठवणी काय काढता गं, पहिलीला पोरं आणा.” सगळे गप्प झालो. आमच्यापैकी कुणाचंही मूल मराठी शाळेत नव्हतं.

त्यानंतर चार-सहा जण खरोखरच कामाला लागले. वाडीवर आणि बाहेरून कामाला आलेल्या कुटुंबांच्या वस्तीत जाऊन आईबापांशी बोलणं, रिक्षाच्या भाड्याची सोय, वह्यापुस्तकं, इंग्रजीसाठी एक जास्तीची बाई. त्या बाईंच्या पगारात माझाही वाटा असतो.

आजींनी त्यांच्या परीने वाट काढली. शहरातल्या दुसऱ्या एका मुलींच्या कॅथलिक शाळेत कुणा एका मुलीची निम्मी फी त्या भरतात. नाव विचारायचं नाही आणि आपलंही कळवायचं नाही, ही त्यांची अट. त्या शाळेचे रंग वेगळे, गाणं वेगळं, तिथल्या कुठल्याच भिंतीवर त्यांच्या वर्गाचा फोटो नाही. “ही माझी शाळा नव्हे,” त्या मला स्पष्ट सांगतात, आणि तरी ऑगस्टमध्ये चेक लिहितात. त्यांचं दुःख काही त्याने हलकं झालेलं नाही. एकोणिसाव्या रस्त्यावरून जायचं त्या अजून टाळतात.

मी जूनच्या मध्यावर, शाळा उघडल्या की, वसईला फोन करते. पहिलीत यंदा किती मुलं आली ते विचारायला. गेल्या खेपेला फोन उचलणाऱ्या बाई घाईत होत्या, मागे पोरांचा गलका चालला होता. “अजून नावं येतायत गं,” त्या म्हणाल्या, “शुक्रवारी कर फोन, आत्ता दारात दोन आया उभ्या आहेत.”