खंडाळ्याहून गुलमर्ग : बर्फाच्या सहलीचे नियोजन

खंडाळा म्हटले की पुण्या-मुंबईचे पाहुणे लोणावळ्याजवळचे खंडाळा समजतात. आम्ही राहतो ते सातारा जिल्ह्यातले, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे खंडाळा. शिरवळची कारखानदारी, लोणंदचा कांदा आणि सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव ही आमच्या तालुक्याची ओळख. थंडी इथेही पडते, पण बर्फाशी आमचा संबंध वर्तमानपत्रापुरता. दर हिवाळ्यात एक बातमी येते की महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले. अशा गावातल्या शिक्षकाच्या घरात स्कीइंगच्या सहलीची चर्चा सुरू आहे हे कळल्यावर नातेवाइकांना हसू आले, यात नवल नाही.

हट्ट आमच्या मुलीचा. आंचल ठाकूर या मनालीच्या मुलीने २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. स्कीइंगमधले भारताचे ते पहिले आंतरराष्ट्रीय पदक. ते वाचल्यापासून तिने विषय सोडला नाही. दहावीनंतर दुसरे काही नको, एकदा बर्फावर न्या, एवढीच तिची मागणी होती.

चर्चा अर्थातच स्वित्झर्लंडपासून सुरू झाली. यश चोप्रांच्या चित्रपटांनी आल्प्स पर्वत आपल्या घराघरात आणून ठेवला आहे. झरमॅट, सेंट मॉरिट्झ ही नावे मुलांना पाठ असतात. सेंट मॉरिट्झला १९२८ आणि १९४८ असे दोनदा हिवाळी ऑलिंपिक झाले. श्रीमंतांनी हिवाळा तिथे घालवायचा, ही रीत दीडशे वर्षांची आहे. आम्ही वही घेऊन हिशोबाला बसलो. शेंगेन व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो, तीही व्हिसा नाकारला तरी परत न मिळणारी. झरमॅटसारख्या ठिकाणी लिफ्टचा एका दिवसाचा पासच शंभर फ्रँकच्या आसपास. त्यावर विमान, हॉटेल, भाड्याचे सामान, शिक्षकाची फी. चौघांचा आकडा पाहून वही मिटली.

जेवणाचा प्रश्न होताच. तिथली प्रसिद्ध चीज फाँड्यू ही शाकाहारी दिसते म्हणून आपल्याकडचे प्रवासी निर्धास्तपणे मागवतात, पण पारंपरिक पद्धतीत त्या वितळलेल्या चीजमध्ये पांढरी वाइन आणि किर्श नावाचे मद्य घालतात. कोणी वाचक तिकडे जाणार असतील तर एवढे जरूर विचारून घ्यावे.

मग दुबईच्या नातेवाइकांनी सुचवले की आमच्याकडे या. मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये २००५ पासून छताखाली बर्फाचा उतार आहे, सुमारे ४०० मीटर लांब. सोय चांगली आहे. पण मुलीला डोंगर पाहायचा होता, मॉल नव्हे. शेवटी आमच्या आळीतल्या एका निवृत्त सुभेदारांनी मार्ग दाखवला. साताऱ्यात असे बुजुर्ग गल्लोगल्ली आहेत. ते म्हणाले, “अहो, स्कीइंग शिकायला परदेश कशाला? आमची पोरं गुलमर्गलाच शिकली.” खरेच आहे. सैन्याने १९४८ च्या अखेरीस गुलमर्गला स्कीची शाळा काढली, तीच आज हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे.

गुलमर्ग आपल्याला ‘बॉबी’ चित्रपटामुळे माहीत. पण आल्प्सशी तुलना करून पाहिल्यावर आम्हीच चकित झालो. गाव सुमारे २६५० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या जवळपास दुप्पट. तिथून गंडोला, म्हणजे बंद पाळण्यांचा रोपवे, पहिल्या टप्प्यात कोंगडोरीपर्यंत आणि दुसऱ्या टप्प्यात अफरवतच्या खांद्यावर सुमारे ३९५० मीटरपर्यंत नेतो. युरोपातले रोपवेचे सर्वांत उंच स्थानक झरमॅटजवळ आहे, त्याची उंची ३८८३ मीटर. म्हणजे आपला पाळणा त्याच्याही वर जातो. इंग्रजांनी स्की क्लब ऑफ इंडिया इथेच १९२७ मध्ये काढला. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्थाही इथेच आहे. जवळच्या टंगमर्ग भागातला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. त्याच्या वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचे दुकान. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. बर्फ असलेल्या श्रीमंत देशांच्या गर्दीत हा क्रमांक लहान नाही, असे आम्ही वर्गातही सांगतो.

ठिकाण ठरले, पण घरातला खरा प्रश्न पुढेच होता. आमच्या दादींचा उम्रा राहिला होता. भिशीचे पैसे हाती येणार होते आणि ते कशाला लावायचे यावर घरात दोन तट पडले. एक म्हणे, बर्फावर घसरायला पैसे घालणे ही निव्वळ फिजूलखर्ची. दुसरा म्हणे, मुलांच्या वाट्याला काही आनंद नकोच का? मुलगी गप्प बसली होती, आणि तिचे गप्प बसणे आम्हाला जास्त लागले. दादींनीच तोड काढली. आधी उम्रा, मग सहल, आणि दोन्हींचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवायचे. सहलीसाठी कर्ज काढायचे नाही, हप्त्यावरचे पॅकेज घ्यायचे नाही. दादींचा उम्रा गेल्या वर्षी झाला. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असल्यामुळे मुलीला त्या हिवाळ्यात जाताही आले नसते. आता ती अकरावीला आहे आणि सहलीचा दुसरा डबा बऱ्यापैकी भरला आहे. भावंडांमध्ये किंवा आजी-नातीमध्ये अशी ओढाताण अनेक घरांत होते. पैसे एकाच डब्यात असले की प्रत्येकाला दुसरा आपले हिसकावतो आहे असे वाटते. डबे वेगळे केल्यावर आमच्या घरातला आवाज खाली आला, एवढे अनुभवाने सांगतो.

यानंतर तारखा. शाळेच्या सुट्ट्या दिवाळीत आणि मे महिन्यात, तर स्कीइंगचा हंगाम साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांना ‘चिल्लई कलान’, म्हणजे मोठा चिल्ला म्हणतात. चिल्ला हा चाळीस दिवसांचा, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. सर्वांत कडक थंडी आणि सर्वांत जास्त भरवशाचा बर्फ याच काळात. पुढे वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. २०२७ मध्ये रमजान चंद्रदर्शनाप्रमाणे ८-९ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होईल. २६ जानेवारीला शाळेत झेंडावंदन. म्हणून आमच्यासाठी एकच फट उरते. २७ जानेवारीला निघायचे आणि ६ फेब्रुवारीला परत यायचे. पहिला रोजा घरीच व्हायला हवा.

प्रवास जाताना रेल्वेने, येताना विमानाने ठरवला आहे. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने जम्मू तवी, तिथून कटरा आणि कटऱ्याहून वंदे भारतने श्रीनगर. ही गाडी जून २०२५ मध्ये सुरू झाली आणि साधारण तीन तासांत पोहोचवते. वाटेत नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीवरचा चिनाब पूल लागतो. मुलांना भूगोल शिकवणाऱ्यांनी तो पाहिलाच पाहिजे. श्रीनगर ते गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. शेवटचे १३ किलोमीटर टंगमर्गपासून चढाचे. बर्फ पडल्यावर तिथे चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाड्याच जातात, तो खर्च आधीच धरावा. टंगमर्गला राहणे स्वस्त, पण रस्ता बंद झाला तर दिवस वाया. म्हणून आम्ही गुलमर्गमध्येच साधी खोली पाहतो आहोत. मोठ्या हिमवृष्टीत विमाने रद्द होतात, त्यामुळे एक दिवस राखीव ठेवला आहे. आणि एक गोष्ट बहुतेकांना तिथे गेल्यावरच कळते. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातला एक तरी फोन पोस्टपेड हवा.

भीतीबद्दलही बोलले पाहिजे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या बैसरनमध्ये २६ जणांना मारण्यात आले. त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही होते. पर्यटकांना वाचवताना घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह याने जीव गमावला. आमच्या घरीही “नकोच ते” असे म्हणणारे आहेत आणि त्यांची काळजी खोटी नाही. आम्ही ठरवले आहे की प्रशासनाच्या सूचना पाहूनच निघायचे, सुरू असलेल्या ठिकाणीच जायचे. पण आदिलसारख्यांच्या घरची चूल पर्यटकांवर चालते, हेही आम्ही विसरत नाही.

आता मुख्य गोष्ट, शिकणे. पायात कडक बूट, त्याला अडकवलेल्या दोन लांब पट्ट्या, हातात काठ्या. पडल्यावर बूट पट्टीतून आपोआप सुटावा अशी कळ असते. ती माणसाच्या वजनाप्रमाणे लावतात. म्हणून भाड्याने सामान घेताना वजन खरे सांगावे. शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी थांबायला शिकवतात. पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची लांब केली की वेग कमी होतो. नंतर वळणे. आमच्या मुलांना आम्ही हे खंबाटकीवरून समजावले. घाटाचा रस्ता डोंगरावरून सरळ खाली येत नाही, वळणे घेत येतो, म्हणूनच गाडी ताब्यात राहते. स्की करणाराही तसाच आडवा जातो, वळतो, पुन्हा आडवा जातो. बोगद्यानंतरच्या एस वळणावर वेगाने काय होते, हे खंडाळ्यातल्या पोरांना वेगळे सांगावे लागत नाही.

पाच दिवसांत आम्ही गावाजवळच्या सौम्य उतारावरच राहणार, परवानाधारक शिक्षक घेऊन. गंडोलाचे तिकीट ऑनलाइन आधी काढायचे, पण वर फक्त पाहायला जायचे. अफरवतचा उतार नवशिक्यांचा नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे हिमस्खलनात दोन परदेशी स्कीपटू दगावले. मुलीला गोडी लागली तर पुढच्या वर्षी सरकारी संस्थेचा रीतसर अभ्यासक्रम. तयारी म्हणून सध्या रोज फजरनंतर घाटाच्या दिशेने चालणे आणि उठाबशा सुरू आहेत. मांड्या मजबूत नसतील तर दुसऱ्या दिवशी उभे राहता येत नाही, असे सुभेदारसाहेबांनी बजावले आहे.

“मुलगी तिथे घालणार काय?” असे एका फुफूंनी विचारले. उत्तर सोपे होते. आत गरम कपडे, मध्ये लोकर, वर पाणी न शिरणारे जाकीट आणि पँट, हातमोजे, हेल्मेट, चष्मा. नाकाचा शेंडा तेवढा दिसतो. अंगालगत सुती कपडा मात्र नको, घामाने भिजून तोच गारठवतो.

नमाजची सोय तिथे आहे, मशीद गावात आहे, हलाल जेवणाची चौकशी करावी लागत नाही. मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी असल्याने कसर होईल. वुजू करून चामडी मोजे घातले तर मुसाफिराला तीन दिवस-रात्र मसह करता येतो. कडाक्याच्या थंडीत ही सवलत किती मोठी आहे, ते तिथे कळेल. श्रीनगरमध्ये पहाटे हरीसा खायचा बेत आहे. मटण आणि तांदूळ रात्रभर शिजवून घोटलेला हा पदार्थ हिवाळ्यातच मिळतो.

एक गोष्ट मात्र कोणाच्या हातात नाही, ती म्हणजे बर्फ. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरेसा बर्फ नसल्यामुळे गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. आल्प्समधली श्रीमंत ठिकाणे यंत्राने बर्फ फवारतात. आपल्याकडे आभाळाकडेच पाहायचे. म्हणून मुलीला आधीच सांगून ठेवले आहे की बर्फ कमी असला तर आपण काश्मीर पाहून येऊ, आणि राहिलेले पैसे त्याच डब्यात परत जातील. तिने ते मान्य केले आहे.

रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. आमच्या गाडीचे २८ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता उघडेल. तोवर चालणे चालू ठेवायचे आणि डब्यात भर घालत राहायची. इन्शाअल्लाह, परत आल्यावर काय शिकलो तेही लिहू.