उशी आणि खडू

शस्त्रक्रिया झाली की भेटायला येणारे धीर देतात. धीर चांगलाच, पण पहिल्या रात्री मला हवी होती ती काखेखाली वीतभर उशी. वन्संनी नातवाची राळ्याची उशी आणून दिली, तेव्हा कुठे डोळा लागला.

आमखास मैदानाजवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली उघडले. त्याआधी मराठवाड्यातल्या कितीजणी मुंबईच्या टाटाची वाट धरीत. इथल्या परिचारिकेचे मी सगळे ऐकले. पोलके पुढून उघडणारे असावे. निचऱ्याच्या नळीची बाटली सुती पिशवीत घालून गळ्यात अडकवावी, म्हणजे टाक्यांवर ओढ बसत नाही. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताने कळशी उचलू नये, विळीवर बोट कापून घेऊ नये. तो हात सूज धरतो.

हात वर नेणे मात्र अवघड. डॉक्टरांनी सांगितल्यावर बोटांनी भिंत चढू लागले. पोचेन तिथे खडूची रेघ. फळ्याची वरची ओळ गाठल्याशिवाय मास्तरीण पुन्हा वर्गात कशी उभी राहणार? कितीतरी दिवस रेघा हनुवटीशीच घुटमळल्या. (आरशापुढे उभे राहायला त्याहून वेळ लागला. त्याला व्यायाम नाही.)

दिवाळीसाठी घर रंगवायला काढले, तेव्हा रंगाऱ्याला तेवढा कोपरा सोडायला सांगितला. वरची ओळ अजून चार बोटे लांब आहे.