अब्बांची फियाट आणि बहिणींचा हिस्सा

कल्याणच्या आमच्या घराच्या अंगणात अब्बांची फियाट उभी असायची. कागदावर ती १९७४ ची प्रीमियर पद्मिनी, पण घरात तिला फियाटच म्हणत. अब्बांनी १९८३ साली ती जुनीच घेतली होती, बावीस हजारांना. गिअर स्टीअरिंगपाशी आणि पुढची सीट सलग. ईदच्या दिवशी ठाण्याला, राबोडीत मामूंकडे निघालो की पुढे अब्बांच्या शेजारी आम्ही दोघे भाऊ बसायचो. अम्मी आणि दोघी बहिणी मागे. दुर्गाडीचा पूल ओलांडला की अब्बा थोडा वेळ स्टीअरिंगला हात लावू देत.

२००९ साली एका भंगारवाल्याने तिचे अठरा हजार सांगितले होते. अब्बा हसले आणि त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवले. २०२१ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. गाडी आम्ही पुसत राहिलो, रविवारी चालू करत राहिलो. ती आपलीच, असे आम्ही धरून चाललो. कुणाला विचारावे, हे मनातही आले नाही.

मग ३० ऑक्टोबर २०२३ आला. त्या दिवसापासून मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी राहिल्या नाहीत. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले आणि आमच्या अंगणातल्या गाडीची चौकशी सुरू झाली. २०२४ च्या सुरुवातीला पुण्याचे एक शौकीन गृहस्थ आले, बॉनेट उघडून बराच वेळ बघत राहिले आणि चार लाख ऐंशी हजार म्हणाले.

त्या रात्री आम्हा भावांचे वाजले. एक म्हणे, भाव चढतोय तर आत्ता का विकायची? दुसरा म्हणे, पावसाळ्यात पत्रा सडतोय आणि सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या किती फेऱ्या मारायच्या? नोंदणीची मुदतही त्याच वर्षी संपत होती. पन्नास वर्षे झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही.

शेवटी विकायचे ठरत आले. खरेदीदाराने आरसी मागितली. ती अब्बांच्याच नावावर. वारसाच्या नावावर करायची तर फॉर्म ३१ भरायचा आणि बाकीच्या वारसांची संमती जोडायची. एजंट म्हणाला, "बहिणींच्या सह्या आणा, बस्स." आम्ही अम्मीला म्हटले, "सह्या घेतो. हिश्शाचे काय, त्या माफ करतील."

अम्मी तसबीह बाजूला ठेवून म्हणाली, "जे त्यांच्या हातात दिलेच नाही, ते त्यांनी माफ कसे करायचे? आधी हातात ठेवा. मग त्यांनी ठेवले काय, परत दिले काय, त्यांची मर्जी."

आम्ही हिशेब मांडला. अब्बांचे कर्ज नव्हते, वसीयतही नव्हती. सूरह निसाच्या ११ व्या आणि १२ व्या आयतीत वाटे स्पष्ट आहेत : अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. म्हणजे अम्मीचे ६०,०००, प्रत्येक बहिणीचे ७०,०००, आमचे प्रत्येकी १,४०,०००. अब्बांचा इंतकाल झाला तेव्हापासूनच त्यात बहिणींचा हक्क होता. रक्कम लहान होती, म्हणून आम्हाला तो दिसला नव्हता इतकेच.

मग वाटले, त्यांचे हिस्से विकत घेऊ आणि गाडी ठेवू. मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारले. ते म्हणाले, "वापरासाठी ठेवाल तर गाडीवर जकात नाही. पण भाव वाढल्यावर विकायच्या नियतीने हिस्से विकत घ्याल, तर तेवढा व्यापाराचा माल झाला. त्याची दरवर्षी बाजारभावाने अडीच टक्के जकात काढा. तुमची नियत कोणती, ते तुम्हीच ठरवा." आम्ही एकमेकांकडे बघितले. आठवण म्हणून ठेवतो, असे आम्ही सगळ्यांना सांगत होतो. बोलणे मात्र रोज भावाचेच होते.

याच सुमारास कुठेतरी वाचले, की जगातली सर्वात महाग गाडी २०२२ साली विकली गेली : १९५५ ची मर्सिडीज ३०० एसएलआर, साडेतेरा कोटी युरोंना. तशा दोनच गाड्या होत्या आणि दोन्ही कंपनीने इतकी वर्षे जपल्या होत्या. एक ठेवली, एक विकली आणि पैसा शिष्यवृत्त्यांसाठी लावला. आमच्याकडे तर एकच होती आणि तिचे वारस पाच.

धाकट्या बहिणीला मुंब्र्याला जाऊन सगळे सांगितले. ती म्हणाली, "विका. पण गाडीच्या ज्या आठवणी तुम्ही सांगता ना, त्या पुढच्या सीटवरच्या आहेत. मी तिथे कधी बसलेच नाही." आम्हाला उत्तर सुचले नाही.

कागद झाले, पैसे आले. खरेदीदार गाडी न्यायला येणार त्याच्या आदल्या रविवारी दोघी बहिणींना बोलावले. पुढे त्या, मागे अम्मी आणि आम्ही दोघे. धाकटी गाडी चालवत होती. तो जुना गिअर तिला दोनदा अडला. दुर्गाडीच्या पुलावर अम्मी मागून म्हणाली, "सावकाश."

सत्तर हजारांचे काय केले, ते तिने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.