इस्त्रीचा शर्ट

चारचौघांत जायचं तर स्वच्छ, नीटनेटकं होऊन जायचं, ही आईची जुनी शिस्त. त्या सकाळी सासरचं आवरून, शाळेत रजा टाकून मी माहेरी पोचले, तर तिनं दादाची दाढी करून, केसांना तेल लावून त्याला इस्त्रीचा शर्ट घातलेला. किती देखणा दिसत होता दादा!

जायचं होतं सरकारी दवाखान्यात. दादाला स्किझोफ्रेनिया आहे. यंत्रमागावरचं काम सुटलं त्याला पंधरा वर्षं झाली. आई विड्या वळते. ती मजुरी आणि दादाचं संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, एवढ्यावर दोघं राहतात. दिव्यांगांसाठी ते ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये झालं आहे. पण त्याला निदान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, आणि मनाच्या आजारात ते पुष्कळदा मुदतीचंच मिळतं. मुदत संपली की पुन्हा तपासणी.

"आंघोळ रोज करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," दादा म्हणाला.

"माझं लेकरू गुणाचं आहे हो, काही त्रास नाही त्याचा," आईनंही भर घातली.

खोटं कुणीच बोललं नव्हतं. आंघोळ रोज होतेच. पण आई दाराशी उभी राहून "आता साबण लाव, आता पाणी घे" म्हणते तेव्हा. मी हे सांगायला हवं होतं. पण दार उघडं होतं, आणि बाहेर बाकावर माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई बसली होती. मी गप्प बसले.

टक्के ४० च्या खाली आले. अनुदान थांबलं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं माणूस असेल तर एवढं लक्षात ठेवा. स्वतःची निगा, माणसांत वागणं, बोलणं-समजणं आणि कामधंदा या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात. आजार किती वर्षांचा, त्याचे वेगळे. २० पैकी ७ झाले की ४० टक्के धरतात. म्हणजे आंघोळ होते का, एवढंच नाही. कुणी मागे न लागता होते का, ते सांगायचं. (हे आधी कळलं असतं तर!) निर्णय पटला नाही तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपिलाची सोय आहे.

आम्ही अपील केलं. महिनाभर आई रोज फोनवर सांगे आणि मी शाळेच्या जुन्या वहीत लिही. गोळी जिभेखाली धरली, पुन्हा दिली. रात्री तीनला उठून नळ तपासले. आठ दिवस कुणाशी शब्द नाही.

दुसऱ्या वेळीही इस्त्रीचा शर्ट होताच. आई ऐकेना, आणि मीही फार आग्रह धरला नाही. वही मात्र वाचून दाखवली, दादाच्या समोर. तो शर्टाचं बटण चाळवत खाली बघत होता. टक्के ४० च्या वर मिळाले, पुन्हा मुदतीचेच.

रिक्षात त्यानं विचारलं, "मी काहीच करत नाही का गं?"

सात रस्ता येईपर्यंत मला उत्तर सुचेना. मग म्हटलं, "आईला विड्यांचा दोरा कोण कापून देतं?"

"मी."

"आणि पानं कोण भिजवतं?" आईनं पुस्ती जोडली.