आधी टायमिंग, मग कार्बोरेटर

इंजेक्शनचं इंजिन कार्बोरेटरवर आणलं आणि ते आयडलला थरथरायला लागलं, की सगळ्यांचे हात आधी कार्बोरेटरकडे जातात. नवीन बसवलंय ते तेवढंच, म्हणजे खोटही त्यातच असणार, असा सरळ हिशेब असतो. मग मिक्स्चर स्क्रू अर्धा फेरा आत, पाव फेरा बाहेर, जेट बदल, फ्लोट खाली-वर कर, आणि शेवटी ‘कार्बोरेटरच खराब निघाला’ हा निकाल. या कामात हात काळे करता करता माझं मत पक्कं होत गेलं आहे, की इग्निशन टायमिंग मोजून पक्कं केल्याशिवाय कार्बोरेटरच्या एकाही स्क्रूला हात लावू नये. टायमिंग चुकलं तर ते इंधनाच्या चुकीचं सोंग घेतं. उलट इंधन कितीही चुकलं तरी, आरपीएम तेवढेच असतील तर, टायमिंग लाइटखालची खूण जागची हलत नाही. शिवाय टायमिंग डिग्रीत मोजता येतं, तर आयडलचं मिक्स्चर बहुतेक वेळा इंजिनाच्या प्रतिसादावरूनच जोखावं लागतं. जे मोजता येतं ते आधी निकालात काढावं, हे साधं तर्कशास्त्र आहे.

शेव्हर्लेच्या १९८७ ते १९९५ च्या पिकअप ट्रकांमधलं ५.७ लिटरचं व्ही-एट इंजिन घ्या. अमेरिकेत हौशी लोक ते आवर्जून कार्बोरेटरवर आणतात. त्याचं थ्रॉटल बॉडी इंजेक्शन दिसायलाही कार्बोरेटरसारखंच असतं. मॅनिफोल्डवर त्याच जागी बसतं आणि दोन इंजेक्टर वरून बटरफ्लायवर पेट्रोल फवारतात. त्यामुळे ते उचललं, अ‍ॅडॅप्टर प्लेट टाकली, वर चार बॅरलचा कार्बोरेटर ठेवला की काम झालं, असं वाटतं. पण या इंजिनाचा कॉम्प्युटर नुसतं पेट्रोल देत नव्हता. ठिणगी कधी पडायची हे तोच ठरवत होता, आयडलची हवा कमी-जास्त करत होता, जळका गॅस पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह कधी उघडायचा हेही त्याच्याच हातात होतं. या गाडीचा डिस्ट्रिब्युटर उघडला तर आत ना वजनं-स्प्रिंगा, ना बाजूला व्हॅक्यूमचा डबा. कंपनीने बेस टायमिंग ० डिग्री दिलं आहे, तेही कॉम्प्युटरकडे जाणारी एक वायर सोडवून लावायचं. त्यापुढचा सगळा अ‍ॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी आणखी आधी पाडणं, कॉम्प्युटरचं काम. कॉम्प्युटर काढून टाकला आणि डिस्ट्रिब्युटर तोच ठेवला, तर ठिणगी पिस्टन वर पोचता पोचता पडते आणि इंजिन कितीही फिरलं तरी ती हवी तेवढी पुढे सरकत नाही. कॉम्प्युटर फक्त ठिणगीपुरता ठेवला, तरी त्याला मॅनिफोल्डच्या दाबाचा आणि थ्रॉटलच्या स्थितीचा सेन्सर लागतोच. ते तोडले असतील, तर इंजिनावर किती ओझं आहे हे त्याला कळायला मार्ग नाही.

आता हे उशिराचं टायमिंग कार्बोरेटरची बदनामी कसं करतं ते पाहू. ठिणगी उशिरा पडली की आयडलला ताकद कमी पडते, आरपीएम खाली येतात, इंजिन बंद पडू लागतं. मग माणूस आयडलचा स्टॉप स्क्रू आवळतो आणि बटरफ्लाय जास्त उघडते. बटरफ्लायच्या कडेलगत कार्बोरेटरच्या भिंतीत एक बारीक उभी फट असते, ट्रान्सफर स्लॉट. आयडलला तिचा जेमतेम चौकोनी तुकडा बटरफ्लायच्या खाली दिसला पाहिजे. बटरफ्लाय वर सरकली की फट लांबलचक उघडी पडते आणि पेट्रोल तिथूनच ओढलं जाऊ लागतं. ज्या छोट्या भोकावर मिक्स्चर स्क्रूचा ताबा असतो, त्याला मग काही महत्त्वच उरत नाही. स्क्रू फिरवला तरी इंजिनाला फरक पडत नाही, प्लग काळे पडतात, एक्झॉस्टला कच्च्या पेट्रोलचा वास येतो, चावी बंद केल्यावरही इंजिन धडधडत राहतं. एकूण एक लक्षणं कार्बोरेटरची, आणि मूळ मात्र डिस्ट्रिब्युटरमध्ये. टायमिंग जागेवर आणलं की आरपीएम आपोआप चढतात, स्टॉप स्क्रू सैल करता येतो, फट झाकली जाते आणि मिक्स्चर स्क्रूला पुन्हा अर्थ येतो.

म्हणून वजनांचा आणि व्हॅक्यूमचा असे दोन्ही अ‍ॅडव्हान्स असलेला डिस्ट्रिब्युटर घालणं हा या बदलाचाच भाग आहे. जनरल मोटर्सने १९७५ पासून सरसकट वापरलेला एचईआय डिस्ट्रिब्युटर इथे चालतो. तो लावताना पुलीवरच्या खुणेवर आंधळा विश्वास ठेवू नये. क्रँकच्या पुढच्या बॅलन्सरची बाहेरची रिंग रबरावर बसवलेली असते आणि जुन्या इंजिनात ती घसरते. तसं झालं असेल, तर टायमिंग लाइट प्रामाणिकपणे खोटा आकडा दाखवतो. बॅटरी सोडवून पहिल्या सिलिंडरचा प्लग काढावा, त्या जागी पिस्टन अडवणारा स्टॉपर लावावा, क्रँक हाताने आधी एका बाजूने आणि मग उलट, पिस्टन टेकेपर्यंत फिरवावा, दोन्ही वेळा बॅलन्सरवर खूण करावी आणि त्या दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये खरा टॉप डेड सेंटर धरावा. प्लगच्या वायरी १-८-४-३-६-५-७-२ या क्रमाने बसल्यात ना तेही पाहावं. ५ आणि ७ शेजारी-शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात, म्हणून त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून नेल्या तर एकीची ठिणगी दुसरीत उडी मारते आणि इंजिन मिसिंग मारतं.

यावर जुनी माणसं म्हणतील की एवढा खटाटोप कशाला, डिस्ट्रिब्युटर सैल करून कानाने लावावा, जिथे इंजिन गोड चालेल तिथे आवळावा. आपल्याकडे पद्मिनी आणि अँबॅसिडरच्या काळात मिस्त्री असंच करायचे आणि गाड्या उत्तम चालायच्या, हे मला मान्य आहे. पण त्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटर कारखान्यातूनच एकमेकांसाठी जुळवलेले होते. मिस्त्री फक्त थोडं मागे-पुढे करत होता. जोडाजोड केलेल्या इंजिनात ही हमी नसते. आयडलला सिलिंडरमधला चार्ज विरळ असतो, त्यात जळका गॅस मिसळलेला असतो, त्यामुळे तो हळू जळतो आणि त्याला बराच अ‍ॅडव्हान्स आवडतो. कानाने लावत गेलं तर बेस टायमिंगच फार पुढे जातं. मग वजनांचा अ‍ॅडव्हान्स त्यात मिळाला की चढावर, पूर्ण थ्रॉटलला इंजिन नॉकिंग करतं आणि पिस्टन धोक्यात येतात. बेस ८ ते १२ डिग्री आणि ३००० आरपीएमच्या आसपास, व्हॅक्यूमची नळी काढून, एकूण ३२ च्या जवळपास ही सुरुवातीची मर्यादा मला शहाणपणाची वाटते. आयडलला जास्तीचा अ‍ॅडव्हान्स हवा असेल, तर तो व्हॅक्यूमच्या डब्याला थेट मॅनिफोल्डची नळी जोडून द्यावा. थ्रॉटल उघडला की तो आपसूक निघून जातो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खडबडीत आयडलची सगळीच कारणं टायमिंगची नसतात. टाकीतला इंजेक्शनचा पंप ९ ते १३ पीएसआय दाब देतो आणि कार्बोरेटरच्या फ्लोटची सुई साधारण ६ पीएसआयपर्यंतच तग धरते. दाब कमी केला नाही, तर पेट्रोल वरून ठिबकतं. अ‍ॅडॅप्टर प्लेटला वर-खाली दोन गॅस्केटं असतात आणि त्यातलं कुठलंही हवा ओढू शकतं. ईजीआरला चुकून थेट मॅनिफोल्डची नळी जोडली गेली, तर आयडललाच जळका गॅस आत येतो आणि इंजिन थरथरतं. हे सगळं खरं आहे, पण यातलं प्रत्येक कारण गेजने, डोळ्यांनी किंवा एखादी नळी बंद करून तपासता येतं. एकाही तपासणीसाठी मिक्स्चर स्क्रू फिरवावा लागत नाही. म्हणजे हा आक्षेप माझ्या क्रमाला बळच देतो.

मग बदल करावाच का, असा प्रश्न उरतो. इंजेक्शन शाबूत असेल आणि एखादाच सेन्सर गेला असेल, तर तो बदलणं स्वस्त आणि बरोबर. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीतली प्रदूषण-नियंत्रणाची यंत्रणा काढणं कायद्यातही बसत नाही. पण ज्याने बदल केलाच आहे, त्याने कॉम्प्युटरची कामंही आपल्या अंगावर घेतली आहेत, आणि ती मोजमापाशिवाय होत नाहीत. काम नीट झालं की नाही याची कसोटी सोपी आहे. गरम इंजिन आयडलला चालू असताना मिक्स्चर स्क्रू सावकाश पूर्ण आत घालावेत. इंजिन अडखळून बंद पडलं, तर टायमिंग, हवा आणि बटरफ्लाय तिन्ही जागेवर आहेत असं समजावं, आणि आता खुशाल कार्बोरेटर ट्यून करावा. चालतच राहिलं, तर स्क्रूचा नाद सोडून पुन्हा टायमिंग लाइट हातात घ्यावा.